रंभीचा पान्हा

म्हशीला जात कळत न्हाई, हात कळतो. कसबा बावड्यातल्या आमच्या घरात माझा हात सगळ्यात आधी कुनी वळखला असंल तर तो रंभीनं, आनि तिथनंच सगळा घोळ सुरू झाला. अजून त्या दिवाळीची आठवन आली की बसल्या जागी माझं पाय नाचाय लागत्यात.

साल दोन हजार तीन. मी रूपाली, चंदगडकडची. आमचं घर बौद्ध. वडील धम्मपाल, एष्टीत कंडक्टर, आनि दारात दोन म्हशी, त्यामुळं धार काढायला मी फ्रॉकात असतानाच शिकलेली. सयाजी बावड्याचा, मराठ्याचा. टेंपो घेऊन आमच्याकडं काजू भरायला यायचा. काजूच्या कारखान्यात पोत्यांची नोंद करायचं काम माझं. हा गडी मुद्दाम चुकीचा आकडा सांगायचा, म्हंजे मी परत मोजाय लावीन आनि तेवढाच वेळ त्याला तिथं उभं ऱ्हायला मिळंल. दीड वर्स असं चाललं. मग फाल्गुनात रजिस्टर लगीन केलं. माझ्या घरचं झाडून सगळं आलं. त्याच्या घरचं एकटं मामा आलं, म्हंजे माझं सासरं, दादासो. सगळ्यात मागच्या खुर्चीत बसलं, दोन डाव जिलबी मागून घेतली आनि निघताना वडिलांस्नी म्हनालं, पावणं, पोरगी माझी झाली, पन घर माझं न्हाई, घर आक्काचं हाय.

आक्का म्हंजे माझी सासू. अख्खी गल्ली त्यांना आक्का म्हनायची, सयाजी बी आक्काच म्हनायचा, मग मी बी तेच धरलं. धिप्पाड बाई, आवाज असा की गल्लीच्या टोकाला पोरं अभ्यासाला बसायची. त्यांनी मला घराभाईर काढलं न्हाई, चार लोकांत तमाशा नको म्हनून. पुढच्या सोप्यात एक स्टोव्ह आनि चार भांडी दिली. मागच्या घरात मी जायचं न्हाई, पान्याच्या हंड्याला हात लावायचा न्हाई, दुधाच्या भांड्याकडं तर बघायचं बी न्हाई. माझ्याशी त्या बोलायच्या न्हाईत. मी समोर उभी असताना मामांस्नी म्हनायच्या, सयाच्या बायकूला सांगा, गोठा लोटायचा ऱ्हायलाय. शेन काढाय माझा हात चालायचा, दुधाला चालायचा न्हाई. आता ह्याला काय म्हनायचं ते तुम्हीच सांगा.

वडील म्हनालते, मानसं बरी असली तर ऱ्हा, न्हाईतर सरळ एष्टी धर, घर हाय तुझं. मी परत जानाऱ्यातली नव्हं. पन खरं सांगू का, मला त्या बाईची माया लई पायजे व्हती. सयाजी जीव लावायचा, मामा कागदात गुंडाळून गुपचूप भजी आनून द्यायचं, तरी माझं ध्यान सारखं आक्कांकडं. सकाळी उठले की पयलं बघायची, आज तोंड कसं हाय. एकदा तरी 'जेवलीस का गं' म्हनावं, एवढीच आस. माझी मलाच लाज वाटायची.

रंभी म्हंजे आक्कांचा जीव. काळीभोर, शिंगं मागं वळलेली, अंगानं अशी की दोन मानसांनी मिठी मारली तरी पुरायची न्हाई. उन्हाळ्यात तिचं रेडकू गेलं, तवापासनं आक्कांच्या हाताबिगर ती कुनाला थेंब देत नव्हती. आक्का खाली बसल्या, मांडीवर थाप मारून 'सोड बाई' म्हनाल्या की तिला पान्हा फुटायचा. सकाळ-संध्याकाळ अकरा घरची मानसं किटल्या घेऊन गोठ्याच्या दारात यायची आनि त्यांच्या डोळ्यांदेखत धार निघायची. त्यात भावकीतला पिराजी व्हता. त्याचं किटलीत कमी आनि गल्लीच्या भानगडीत जास्त ध्यान.

आनि पाडवा. आमच्या बावड्यात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवत्यात. म्हस सजवायची, शिंगं रंगवायची, आनि मालकानं सायलेन्सर काढलेल्या गाडीवरनं हाक मारत पुढं पळायचं. दावं न्हाई, काठी न्हाई. नुसत्या हाकंवर म्हशीनं गर्दीतनं पार शेवटच्या रेघंपर्यंत मागं धावत यायचं. जी हाकंला खरी उतरंल तिला शिल्ड. तीन वर्सं शिल्ड आमच्या घरात व्हतं. गाडी चालवायला सयाजी, मागं बसून हाक मारायला आक्का. अख्ख्या बावड्यात हाक मारनारी बाई ती एकटीच.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पाऊस नुसता झिमझिमत व्हता. गोठ्याची फरशी शेवाळलेली. आक्कांचा पाय सरकला आनि सगळा भार उजव्या हातावर आला. मनगाट मोडलं. प्लास्टर घालून रिक्षातनं उतरल्या त्या सरळ रंभीकडं गेल्या, आनि दारात किटल्या घेऊन लोक उभंच व्हतं.

त्या सांजला मामा धार काढाय बसलं, रंभीनं बादली उडवली. सकाळी सयाजी बसला, त्याच्या मांडीवर खूर उमटला. दुसऱ्या दिवशी कास फुगून दगडावानी झाली. रंभी मागचं पाय फाकून उभी ऱ्हायली, वैरनीला तोंड लावंना. मामांस्नी एक जुनी युक्ती ठावं व्हती. म्हशीला जिच्या हाताची सवय, तिचं कापड अंगाला गुंडाळायचं, म्हंजे वास तोच येतो. मग काय, सयाजीनं आक्कांचं लुगडं नेसलं. मिशीवाला गडी, नऊवारीत, डोईवर पदर घेऊन बादली मांडीत धरून बसला. रंभीनं मागं वळून बघितलं, हुंगलं आनि अशी लाथ घातली की लुगडं एकीकडं आनि सयाजी शेनात. मला हसू आवरंना. मागं बघितलं तर आक्का प्लास्टरचा हात छातीशी धरून रडत व्हत्या. माझं हसू तिथंच मेलं.

मी मामांस्नी म्हनलं, मला बसू द्या, आमच्याकडं मीच काढायची. मामांनी आक्कांकडं बघितलं. आक्कांनी भिंतीकडं तोंड केलं. रंभी कन्हल्यागत हंबरली. तशा आक्का उठल्या, वळनीवरचं दुसरं लुगडं डाव्या हातानं ओढलं, आनि माझ्या हातात न देता माझ्या पायापुढं टाकलं.

"सांगा तिला," मामांस्नी म्हनाल्या, "ह्ये लुगडं आता मला परत नको."

गिळलं मी. वाकून उचललं, नेसलं. कोमट पान्यानं कास धुतली, सडांना तूप लावलं आनि तिच्या पोटाला डोकं टेकून आमच्या चंदगडच्या बोलीत बोलाय लागले. काय बोलले ते इचारू नका, वेड्यागत कायबी. आमच्याकडं पाऊस कसा पडतो, आईनं काय धाडलंय, सयाजी घोरतो कसा. त्या घरात दिवसभर माझ्याशी बोलायला व्हतंच कोन? शेन काढताना मी रोज तिच्याशीच बोलायची, तिला माझा आवाज ठावं व्हता. घटकाभर गेली. माझं पाय मुंग्यांनी भरलं. आनि मग सड बोटांत एकदम सैल झालं, कास सळसळली, आनि पयली धार बादलीत अशी वाजली की मामा उठून उभं ऱ्हायलं. दोन दिवसांचं तटलेलं दूध. बादली भरली, दुसरी घेतली. आक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या व्हत्या. तोंडावरचा पदर बाजूला झालता आनि त्या नुसत्या बादलीकडं बघत व्हत्या.

आता प्रश्न आला लोकांचा. सयाच्या बायकूनं काढलेलं दूध म्हनल्यावर अकरातली किती घरं किटली घेऊन येतील? आक्कांनी त्याच दिवशी गोठ्याच्या दाराला पोत्याचा पडदा लावला. लोकांस्नी सांगितलं, म्हस बुजाय लागलीया, धार आता आमचं ह्येच काढत्यात. त्यामुळं मामांची मोठी पंचाईत झाली. दोन्ही वक्ताला त्यांनी पडद्याआड वैरनीच्या ढिगावर गप बसायचं. चौकातल्या हाटेलात जायचं न्हाई, कुनाशी बोलायचं न्हाई, खोकायचं बी न्हाई. मी धार काढून झाली की त्यांनी हात ओलं करायचं, बादली उचलायची आनि कपाळाचा घाम पुसत भाईर जायचं. लोक म्हनायचं, दादासो, हात बसला की तुमचा. मामा म्हनायचं, सवयीनं होतंय. पडद्याआड मी पदर तोंडात कोंबून हसायची. पन हसून झालं की वाटायचं, दूध माझ्या हातचं, आनि नाव सांगायची सोय न्हाई.

बारा-पंधरा दिवसांनी एक गंमत झाली. सकाळी उठाय उशीर झाला, मी गडबडीत पाचवारी साडीतच जाऊन बसले. अर्धी बादली भरली तवा ध्यानात आलं की लुगडं तर वळनीवरच हाय. रंभी आपली निवांत रवंथ करत उभी. तिला कवाच कळलंतं मी कोन ते. हे मी कुनाला सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिवसापासनं परत लुगडं नेसाय लागले. का म्हनाल तर मला ते आवडाय लागलं व्हतं. आक्कांचं कापड अंगावर असलं की वाटायचं, मी हिची कोनतरी हाय.

हाड नीट धरंना म्हनून सहाचं आठ आठवडं झालं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी प्लास्टर निघालं. हात वाळल्या शेंगंवानी झालता, पन आक्कांचा उल्हास काय सांगू. आल्या आल्या पडदा ओढून काढला. केसांवर पानी मारलं, काचा मारला, सांजला सगळ्यांस्नी आवर्जून निरोप धाडलं, या, आज मी बसनार हाय. पिराजी तर अर्धा तास आधी येऊन उभा. मी वैरनीच्या ढिगामागं थांबले. मला बी वाटत व्हतं, बाईला तिचं परत मिळू दे. खरंच वाटत व्हतं.

आक्का बसल्या. थाप मारली. "सोड बाई," म्हनाल्या. रंभीनं कास आवळून धरली. आक्कांनी परत थाप मारली, गोंजारलं, शिव्या दिल्या, परत गोंजारलं. थेंब न्हाई. उलट मान वळवून ती ढिगाकडं, म्हंजे माझ्याकडं बघून हंबराय लागली. दारात कुजबूज. पिराजी म्हनाला, दादासो, तुम्ही बसा की, तुमचा हात बसलाय न्हवं. मामांचं तोंड बघण्यासारखं झालं. बसलं बिचारं. रंभीनं त्यांना बादलीसकट कोपऱ्यात लावलं. मामा धोतर झाडत म्हनालं, आज तिचं डोकं ठिकान्यावर न्हाई. लोक रिकाम्या किटल्या हलवत गेलं. पिराजी जाता जाता ढिगाकडं टक लावून बघून गेला.

आक्का तिथंच फरशीवर बसून ऱ्हायल्या. मी पुढं आले. त्यांनी मान वर केली आनि सात म्हयन्यांत पयल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या.

"पोरगा नेलास. आता म्हस बी नेलीस."

माझं डोकं सणकलं. इतकं दिवस गिळलेलं सगळं वर आलं. पन तोंडातनं निघालं ते येगळंच.

"मी काय बी नेलं न्हाई आक्का. मीच हिकडं आले की."

कास तटलेली, रंभी पाय बदलत व्हती. मी बादली घेतली, बसले आनि म्हनलं, हितं बसा माझ्याजवळ, तिची सवय एकदम मोडायला नको, दोघींचा हात एकदम लागू दे. त्या हलल्या न्हाईत. रंभी हंबरली. मग त्या सरकल्या. गुडघ्याला गुडघा लागला. मी सड धरलं, आनि त्यांनी थोडा वेळ हात हवेतच ठेवला. सात म्हयनं त्या बाईनं माझ्या सावलीचा बी अंदाज घेऊन पाऊल टाकलं व्हतं. मग तो वाळलेला हात माझ्या हातावर आला. गरम व्हता. दूध आलं. दोघींच्या बोटांवरनं वघळ बादलीत जात व्हता आनि आम्ही दोघी बी नुसत्या बादलीत बघत व्हतो.

"नखं वाढलीत तुझी," आक्का म्हनाल्या, "लागत्यात तिला."

आयुष्यात कुनी रागवल्याचा मला एवढा आनंद झाला न्हवता. सोप्यात येऊन नखं इतकी कापली की बोटांतनं रगत आलं. सयाजीला सांगितलं तर तो म्हनाला, येडी हाईस का, रागवल्या त्या. म्हनलं, तुला न्हाई कळायचं.

दसरा झाला. रोज दोन वक्त आम्ही दोघी शेजारी बसायचो. हळूहळू रंभी आक्कांना बी अर्धा पान्हा द्याय लागली, पन मी शेजारी असले तरच. आत आक्का आता बोलायच्या. पेंड किती भिजवायची, आमच्या चंदगडला म्हशी कसल्या, माझी आई काय करते. कवातरी तर सयाजी ल्हानपनी नागडा कसा पळायचा ते सांगून एकट्याच हसल्या. पन पडदा त्यांनी परत लावलाच व्हता. पडद्याच्या आत मी मानूस, भाईर मी सयाची बायकू. भाईर आल्या की त्यांची नजर माझ्यावरनं अशी सरकायची की मी भिंतच हाय. आधी नुसतंच दुखायचं, आता जास्त दुखाय लागलं, कारन आता मला ठावं व्हतं की ह्या बाईला माया करता येती.

दिवाळी जवळ आली तशी सराव सुरू झाला. सकाळी साखर कारखान्याच्या रस्त्याला सयाजी गाडी काढायचा, मागं आक्का. आक्कांनी हाक मारली की रंभी चार पावलं यायची आनि उभी ऱ्हायची. मान वळवून घराकडं बघायची. मामा म्हनालं, पोरीला बसवा की मागं, म्हस तिच्या हाकंची झालीया. आक्का म्हनाल्या, सगळा बावडा बघत असतो, न्हाई. मला म्हनाल्या, पाडव्याला तू घरीच थांब, गर्दी असती. मी बरं म्हनलं. रात्रभर मात्र डोळ्याला डोळा लागला न्हाई.

पाडव्याची सकाळ उजाडली आनि माझा राग गेला कुठल्या कुठं. त्या दिवशी घरात कुनी रागवून बसूच शकत न्हाई. सयाजीनं रंभीचं केस भादरून पाठीवर नक्षी काढली. मी शिंगं रंगवली, एक पिवळं, एक गुलाबी. गळ्यात कवड्यांची माळ, शिंगांना मोरपिसं, पायात चाळ. तेल लावून अंग असं चकाकाय लागलं की आरशाचं काम न्हाई. गल्लीगल्लीतनं गाड्यांचा फटफटाट, हलगी, फटाकं, गुलाल. आक्कांनी नवं हिरवं लुगडं नेसलं, नाकात नथ, आनि सयाजीच्या मागं बसून गेल्या. मी दारात उभी. मामा परत आलं, चप्पल घालाय आल्यासारखं केलं आनि म्हनालं, चल, बायकांच्या मागं उभी ऱ्हा, कुनाला कळतंय.

गेले की मी. थांबवतंय कोन मला.

रस्त्याच्या दोन्ही अंगाला मानसं, गच्च्यांवर मानसं, झाडांवर मानसं. तरुण मंडळाचा जोतीराम कर्ण्यावर एकेक म्हस पुकारत व्हता: म्हस कुनाची, हाक कुनाची. एक म्हस अशी आली की मालकाच्या गाडीला शिंग लावूनच पळत व्हती. एक मधेच फुगेवाल्यामागं गेली. आमचा नंबर आला. जोतीरामनं पुकारलं, म्हस दादासो पोवार यांची, हाक आक्कांची. टाळ्या पडल्या. सयाजीनं किक मारली, आक्कांनी हाक दिली. रंभी दहा पावलं गेली आनि थांबली. आक्कांनी परत हाक मारली, घसा फाटस्तवर. रंभीनं तोंड फिरवलं आनि गर्दी हुंगाय लागली.

लोक हसलं. आधी थोडं, मग सगळीकडनं. पिराजी मोठ्यानं म्हनाला, आक्का, म्हस बदलली का मालकीन बदलली? आक्का गाडीवरनं उतरल्या. तोंड काळंठिक्कर. मला वाटलं, आता ह्या सरळ घराकडं जानार. माझंच काळीज फाटलं. म्हशीनं एवढ्या लोकांत पाठ फिरवायची म्हंजे काय असतं, ते मला ठावं व्हतं. घरच्यांनी पाठ फिरवल्यावर असंच वाटतं.

आक्का घराकडं गेल्या न्हाईत. रंभी जिकडं हुंगत व्हती तिकडं त्यांनी बघितलं. बायकांच्या मागं, भिंतीला टेकून मी उभी. त्यांनी मला बघितलं. मी पदर खाली ओढला, पन काय उपेग. त्या सरळ चालत आल्या, बायका बाजूला झाल्या, आनि त्यांनी माझं मनगाट धरलं. त्याच मोडलेल्या हातानं. रस्त्याच्या मधोमध नेऊन उभं केलं.

जोतीराम म्हनाला, एक संधी अजून हाय, हाक कुनाची म्हनून पुकारू?

"रूपाली सयाजी पोवार," आक्का म्हनाल्या. "माझी सून."

पिराजी पुढं आला. हसत हसत म्हनाला, सून म्हंजे कुठल्या घरातली म्हनायची? हलगी थांबली. तो काय इचारतोय ते तिथल्या शेंबड्या पोराला बी कळलं. मी जमिनीकडं बघाय लागले. माझ्या मनगाटावरची पकड सुटंल असं मला वाटलं. ती घट्ट झाली.

"माझ्या घरातली," आक्का म्हनाल्या. "आनि ऐक पिराजी, तीन म्हयनं तू हिच्याच हातचं दूध पितोयास. ह्यांना धार येत न्हाई. मेलास का?"

गर्दीतनं मामांचा आवाज आला, खरं हाय, मला येत न्हाई. आनि असा हशा उसळला की बोलाय नको. पिराजीचं तोंड शेंदरी झालं. दोन-चार मानसं तोंड वाकडं करून मागं सरली, ते बी मी बघितलं. तीन घरं दुसऱ्या दिवसापासनं दुधाला आली न्हाईत. पन त्या वक्ताला कोन मोजत बसतंय.

मी गाडीवर बसले. सयाजीनं कानात इचारलं, बसलीस नीट? मी म्हनलं, सोड गाडी. आनि हाक दिली, आमच्या चंदगडची, जशी माझी आई देते तशी.

"ये गो बाय, ये गो रंभे!"

रंभीनं कान टवकारलं. निघाली. पन आक्कांच्या जवळनं जाताना थांबली, त्यांचा वाळलेला हात हुंगला, चाटला. आक्कांच्या डोळ्यांतनं घळाघळा पानी आलं. त्यांनी तिच्या मानंवर थाप मारली. "जा," म्हनाल्या, "ती बोलवतीया."

आनि मग रंभी जी सुटली! चाळ खनखनत, मोरपिसं उडत, शेपूट वर. गाडीचा फटफटाट, लोकांच्या शिट्ट्या, गुलालानं डोळं भरलेलं, आनि मी मागं तोंड करून ओरडतीया, ये गो, ये गो. एवढी मोठी म्हस माझ्या हाकंवर धावत येती, सगळा बावडा बघतोय, आनि मी सून हाय, कर्ण्यावर पुकारलेली. हसत व्हते की रडत व्हते, मला अजून सांगता येत न्हाई.

वळनावर खडी व्हती. चाक घसरलं. सयाजी एकीकडं, गाडी त्याच्या पायावर, आनि मी दुसरीकडं मातीत. लोकांनी आरडा केला, म्हस तुडवती म्हनून. रंभीनं चारी पाय रोवलं, माझ्यापासनं हातभर लांब थांबली आनि माझ्या तोंडावर फुसफुसाय लागली. शिल्डाची रेघ अजून पन्नास पावलांवर व्हती. ते त्या साली दुसऱ्याच्या घरात गेलं.

गर्दी फुटली आनि आक्का पळत आल्या. एक चप्पल कुठंतरी निघून गेलती, नथ गालावर आलती, नव्या लुगड्याचा काचा सुटलेला. रंभीला बाजूला ढकललं. सयाजी गाडीखालनं म्हनाला, आक्का, मी बी हाय की हितं. त्याच्याकडं त्यांनी बघितलं सुद्धा न्हाई. माझ्याजवळ मातीत बसल्या आनि माझं डोकं मांडीवर घेतलं.

"कुठं लागलं गं, पोरी?"

मला कुठंच लागलं नव्हतं. खरं सांगते, नखभर खरचटलं नव्हतं. पन मला असं भडभडून आलं म्हनता! मी कोपर दावलं. त्यांनी माती झाडून फुंकर घातली. मग गुडघा दावला. तिथं बी फुंकर घातली. मग कपाळ दावलं, मग खांदा, मग परत कोपर. आक्का दावीन तिथं हात फिरवत व्हत्या, फुंकर घालत व्हत्या, आनि मी लबाड, नवीन नवीन जागा शोधत व्हते.